उलटी बाजू

दस्तगीर नदाफ फोटो घेऊन आले
तेव्हा मी पुठ्ठ्यांना भोकं पाडत होतो,
मोराच्या चादरीची शेवटची ओळ.
फोटोत बोटाएवढं जहाज,
चार धुराडी, अंगावर कसलासा आकडा,
एक कोपरा उंदरानं नेलेला.
"एकच चादर पाहिजे," म्हणाले, "हे घालून."

एका चादरीसाठी कुणी पुठ्ठे पाडत नाही,
हे मालकानं मला नंतर ऐकवलं.
त्या दुपारी मी एवढंच विचारलं, किती मोठं होतं?
"अब्बा म्हणायचे, गिरणीच्या बॉयलरखोलीएवढं.
लांबीला जास्त. रुंदीला नाहीच."

लाडलेसाब नदाफ, जुन्या गिरणीतले आगवाले.
पहिल्या लढाईत कुणी साहेब आला,
कोळसा मारता येतो त्याला महिना इतके, म्हणाला,
आणि सकाळचा भोंगा व्हायच्या आत
अकराजण स्टेशनावर.
पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव,
एवढंच ठाऊक असलेला माणूस.

माझ्या पोरानं पुस्तकातून शब्द काढून दिला: विनाशिका.
नदाफांनी दोनदा म्हणून बघितला, जीभ अडली.
अब्बांच्या तोंडी ती 'डिस्टायर' होती,
अडेल म्हशीला हाक मारावी तशी,
मायेनं आणि वैतागून.

मी चौकटीच्या कागदावर घरं भरू लागलो.
धुराडं नऊ घरं. तोफ चार.
धुरात दोन रात्री गेल्या,
धूर घरात बसत नाही.
मग समुद्र आला आणि हात थांबला.
निळा आहे, तांबडा आहे, राखी संपलाय.
समुद्राला कुठला टाकू?
मी बघितला नाही. तुम्ही?
नदाफांनी मान हलवली.
"अब्बांनी पण नाही."

तीन वर्षं, यन्नममास्तर,
पाण्याच्या रेघेखाली, लोखंडाच्या पोटात.
पुढं भट्टी, मागं कोळसा,
पंख्यानं हवा कोंबलेली, म्हणून झाकण उघडायचं नाही.
काटा उतरला की वरून पितळी नळीतून शिव्या.
जहाज वळलं हे कळायचं
कोळसा एका अंगाला सरकला की.
तोफ उडाली हे कळायचं दातांना.
कुणाला लागली, ते नाही.
पाळी सुटून वर यावं तर रात्र,
डोळ्यांत अजून भट्टीचं तोंड.
फोटो एडनच्या बाजारात विकत घेतला,
चार धुराडी मोजून.
"हीच का ती, त्यांना तरी कुठं ठाऊक.
बाहेरनं कधी बघितलीच नव्हती की वो."

परत आले आणि त्याच गिरणीत
त्याच तोंडापुढं उभे राहिले.
काय बघून आला, कुणी विचारलं तर म्हणायचे:
हेच. फक्त हे हलत नाही.

मी समुद्र निळा टाकला.
राखी नव्हता, म्हणून जहाज तांबडं.
मालक हसला, जहाज काय नवरी आहे?
नदाफ काही बोलले नाहीत,
चादरीची घडी मोडली, सतरंजीवर अंथरली,
आणि एक टोक धरून
आपली सोलापुरी चादर उलटते तशी उलटली.

तांबडं. टोकापासून टोकापर्यंत तांबडं,
मधे लहानसं निळं जहाज, भोक पडल्यागत.
चार धुराड्यांतून निळा धूर.
त्यांनी तांबड्यावर तळहात ठेवला
आणि जरा वेळानं उचलला,
चटका बघून उचलावा तसा.
"ही बाजू वर," म्हणाले.
मग खिशातून पैसे काढले. पन्नास कमी होते.
पुढच्या जुम्म्याला आणून दिले.

पुठ्ठे मी फेकले नाहीत.
मोराच्या मागं खुंटीला आहेत, सुतळीत ओवलेले.
मालकाला वाटतं, रद्दीत गेले.
कधी उन्हात धरतो.
भोकाभोकातून उजेड येतो,
भिंतीवर, माझ्या सदऱ्यावर.
जहाज दिसत नाही.